लुडबुडीचं काम

चार वर्षांचं मूल कामात मदत करायला आलं की दहा मिनिटांचं काम तासाभराचं होतं, हे ज्यांनी मूल वाढवलंय त्यांना सांगायला नको. मेथी निवडायला बसलं तर पानं जमिनीवर आणि देठ भांड्यात. कणीक मळायला आलं तर परात, कोपर, फ्रॉक आणि फ्रीजचं दार, सगळीकडे कणीक. मग आपण त्याला गोड बोलून बाजूला करतो. ‘तू जा, खेळ बरं’ म्हणतो. खेळण्यांचा ढीग घरात असतोच. ढिगानं भागलं नाही तर मोबाइल आहे, आणि मोबाइलला कधी कंटाळा येत नाही.

आमच्या लेकीला वाढदिवसाला कुणीतरी स्वयंपाकघराचा संच दिला होता. गुलाबी शेगडी, शिट्टी वाजणारा कुकर, प्लॅस्टिकची वांगी, प्लॅस्टिकचाच पिझ्झा. सुरुवातीला आम्हाला पिझ्झा रोज खावा लागला. मग ते सगळं सोफ्याखाली गेलं आणि ती खऱ्या ओट्यापाशी स्टूल ओढून उभी राहायला लागली. बायकोनं विचारलं, ‘अगं, तुझा गॅस आहे ना?’ तर म्हणाली, ‘त्याच्यात वाफ नाही येत.’

माझ्या मते मुलांच्या बाबतीत आपला सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. त्यांना खेळायचं असतं असं आपण धरून चालतो. त्यांना खेळायचं असतंच, पण त्याहून जास्त त्यांना घरात जे चाललंय त्यात असायचं असतं. घरात पाच माणसं काही करताहेत आणि आपल्यालाच कोपऱ्यात बसवून ‘खेळ’ म्हणताहेत, हा त्यांना अपमान वाटत असावा. वाटत असावा म्हणतो, कारण ती तसं सांगत नाहीत. ती भोकाड पसरतात.

जळगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये मुळात कामच कमी. कपडे मशीनमध्ये, पीठ पाकिटात, भाजी निवडलेली मिळते, पाणी नळाला. मुलाच्या उंचीवर उरलंय काय, तर टीव्हीचा रिमोट. म्हणून बालवाडीला सुट्ट्या लागल्या की आम्ही तिला अमळनेर तालुक्यात माझ्या आईकडे नेतो. तिथे एप्रिल-मे म्हणजे वाळवणाचे दिवस. ऊन 44-45 अंशांवर, दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही, पण पहाटे प्रत्येक मातीच्या धाब्यावर, प्रत्येक गच्चीवर बायका.

बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ज्वारी भिजवायची, सडायची, भरडायची, कोंडा काढायचा. मग पहाटे मोठ्या पातेल्यात आधण ठेवून त्यात मीठ, तीळ, जिरं, लसूण, मिरची घालून त्या कण्या शिजवत घाटायच्या. हे घाटणं येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे, खांदे भरून येतात. तो गरम घाटा गच्चीवर न्यायचा आणि हात पाण्यात बुडवून ओल्या फडक्यावर एकेक बिबडा थापायचा, मग तो जुन्या लुगड्यावर उलटा टाकायचा. ऊन चढायच्या आत सगळं थापून झालं पाहिजे, म्हणून शेजारच्या चार घरच्या बायका येतात. आज आमचे, उद्या त्यांचे. पोरं येतात ती घाटा खायला. वाटीत गरम घाटा, वर कच्चं तेल. याच्यापुढे सगळे नाश्ते फिके, असं माझं मत आहे आणि ते वादासाठी खुलं नाही.

तर अशा गडबडीत माझी लेक मध्येच जाऊन बसली. मला वाटलं, आता आई हाकलेल. चार बायका सकाळच्या उन्हाशी शर्यत लावून बसलेल्या, आणि ही सगळ्यांच्या मध्ये. मी तिला उचलायला गेलो तर आई म्हणाली, ‘तिले करू दे. तू ऊठ बरं तठून.’ आणि तिनं नातीसमोर एक फडकं टाकलं, पाण्याची वाटी ठेवली, लिंबाएवढा घाटा दिला. थोडा निवलेला. बस. कसं करायचं ते सांगितलं नाही. शेजारची आजी थापत होती, ते लेक बघत होती.

तिचा पहिला बिबडा खान्देशच्या नकाशासारखा झाला. मधोमध तापीएवढी फट. आईनं तो ‘वा वा’ न करता उचलला आणि आपल्या बिबड्यांच्या ओळीत, लुगड्यावर त्याच्या नंबरावर टाकला. परत लिंबाएवढा घाटा दिला.

मला या गोष्टीवर नंतर बरेच दिवस विचार करावासा वाटला. शहरात आपण काय करतो? मूल काहीही करो, ‘शाब्बास! किती छान! सुपर!’ आणि ते वळलं की त्यानं घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालतो. मुलाला ते दिसतं. माझ्या बहिणीच्या मुलानं एकदा तिला तोंडावर विचारलं होतं, ‘छान होतं तर मग परत का करतेस?’ तिच्याकडे उत्तर नव्हतं. आईच्या घरी शाबासकी हा प्रकारच नाही. मलाही ती कधी मिळाली नाही आणि लहानपणी त्याचं वाईट वाटायचं, ते आठवतं. पण ती काम मोडून परत करत नाही. वाकडा बिबडा वाळला, सरळ बिबड्यांच्या डब्यात गेला, आणि पंधरा दिवसांनी पाहुणे आले तेव्हा तळला गेला. पाहुण्यांच्या ताटात आलेला तो तुकडा लेकीनं ओळखला. काही बोलली नाही. पाहुणा खाईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. तो बिचारा अवघडला.

दुसऱ्या दिवशी उडदाचे पापड होते. लाटणं तिच्या हातात मावत नाही, म्हणून तिला राखणीवर बसवलं. ‘राखन कर व माय. कावया उना का हाकल.’ हातात वेताची काडी, डोक्यावर ओला रुमाल. आता कावळे काही तिच्या काडीला भीत नाहीत, पण माणूस बसलेलं असलं की ते येत नाहीत हे खरं. शिवाय बकरी. शेजारची बकरी जिन्यानं वर येते आणि एका दमात पाव किलो पापड संपवते. म्हणजे राखण हे काही मुलाला गुंतवण्यासाठी काढलेलं खोटं काम नव्हतं. ती उठून गेली असती तर नुकसान झालं असतं. तिला ते ठाऊक होतं. ऊन चढल्यावर मी तिला सावलीत बोलावलं, तर म्हणाली, ‘तुम्ही बसता का मग?’ बसलो. दुसरं करणार काय.

काम खरं आहे की आपल्याला गुंडाळायला दिलंय, हे मुलांना ताबडतोब कळतं. कसं कळतं ते मला सांगता येणार नाही.

बायकोचं माहेर रावेरकडे, केळीच्या पट्ट्यात. तिथे मला वाटलं होतं की मुलांना करण्यासारखं काही नाही. केळी हे मोठ्या माणसांचं पीक. घड जड, विळा धारदार, आणि चिकाचा डाग कपड्याला लागला की कपडा गेला. पण सासऱ्यांनी तिला ठिबकवर नेलं. केळीच्या ओळीनं काळी नळी गेलेली असते, तिला ठरावीक अंतरावर तोट्या. पाण्यातल्या क्षारानं, कधी शेवाळानं एखादी तोटी चोंदते, आणि वेळेवर लक्षात आलं नाही तर तिथलं झाड मान टाकतं. ते शोधायला मोठ्या माणसाला प्रत्येक बुंध्यापाशी वाकावं लागतं, पानं बाजूला करावी लागतात. सासऱ्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. आणि ही तर जमिनीपासून तीनच फूट! ती ओळीतून चालत गेली आणि जिथे माती कोरडी तिथे थांबून ओरडायची, ‘आबा, इथं रडत नाही!’ तोटी रडते म्हणजे चालू आहे, हे तिचं तिनंच ठरवलेलं. आबा मागून येऊन तोटी उघडायचे, फुंकायचे, परत बसवायचे. ज्या कामात तिची कमी उंची उपयोगाची ठरली असं बहुधा ते पहिलंच काम. जेवताना आबा गंभीरपणे म्हणाले, ‘आज तोट्या आम्ही दोघांनी पाहिल्या.’ त्या ‘दोघांनी’वर ती दिवसभर होती.

यातलं काहीच नवं नाही. 1939 साली इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी मद्रासला, अड्यारला आल्या आणि दुसऱ्या महायुद्धामुळे 1946 पर्यंत भारतातच राहिल्या. त्यांच्या पद्धतीत अक्षरांच्या आधी येतात ती रोजच्या जगण्यातली कामं. एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतणं, बटणं लावणं, झाडणं, धान्य वेगळं करणं. भांडी मुलाच्या हाताला बसतील अशी लहान, पण खरी, पडली तर फुटणारी. त्याच सुमाराला आपल्याकडे बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक हे सगळं महागड्या साहित्यातून बाहेर काढायच्या मागे होत्या. 1945 मध्ये त्यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत होत्या, आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बिया, शिंपले, पानं, खडे, जे गावात आहे तेच साहित्य. 

आणि आज शहरातल्या बालवाड्या काय करतात? आमच्या ओळखीतल्या एका मुलाच्या बालवाडीत, भरपूर फी घेऊन, राजमा एका वाटीतून दुसऱ्या वाटीत चमच्यानं टाकायला देतात. टाकून झाला की परत पहिल्या वाटीत. तो राजमा शिजत कधीच नाही. माझ्या आईनं आठवडे बाजारातून नातीला छोटं सूप आणून दिलंय. त्यात ती तूर पाखडते, निम्मी अंगणात सांडते, उरलेल्या तुरीचं संध्याकाळी वरण होतं. सांडलेली कोंबड्या खातात. मला यात आजीची पद्धत जास्त शास्त्रीय वाटते, पण मी तिचा मुलगा आहे, माझं मत एकतर्फी धरावं.

आता आजीचंही सगळंच बरोबर असं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण आली. माहेरवाशिणी आल्या, कडुलिंबाला झोके टांगले, गौराईची गाणी सुरू झाली. भाचा माझ्या लेकीहून वर्षभरानं मोठा. तो सांजोऱ्या भरायला बसला तर आई म्हणाली, ‘ऊठ रे भाऊ. हाई काय आंडोरसनं काम शे का?’ आंडोर म्हणजे मुलगे. पोरगं उठलं, जरा वेळ दारात उभं राहिलं, मग मोबाइल मागायला लागलं. नातीला ‘करू दे’ म्हणणारी तीच आजी. तेव्हा मला शंका आली की लेकीला मिळालेली मोकळीक ही मोकळीक आहे की उमेदवारी. पुढे जन्मभर हेच करायचंय, तर आत्तापासून हात बसू दे. बहिणीनं मात्र वाद घातला नाही. मुलाला परत बोलावून शेजारी बसवलं, सारण भरायचा चमचा हातात दिला आणि आईकडे न बघता म्हणाली, ‘त्याच्या बायकोचे आशीर्वाद मला हवेत.’ आई हसली. पण पटलं म्हणून हसली असं नाही.

आखाजीला खान्देशात आणखी एक गोष्ट होते. सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्यांचं, साल त्या दिवशी बदलतं. जुनं संपतं, नवं ठरतं. ओट्यावर काका, सालदार आणि गावातले दोघे बसलेले. साल किती, आगाऊ उचल किती, सुट्ट्या किती, बी-भरणीला घरची माणसं येणार की नाही. आजकाल सालदार मिळत नाहीत, त्यामुळे बोलणं काकांच्या बाजूनं फारसं चाललेलं नव्हतं. लेक खांबाला टेकून सगळं ऐकत होती. आत येऊन तिनं आजीला विचारलं, ‘माझं साल किती?’

आजी घागर भरायच्या तयारीत होती. आखाजीला पितरांच्या नावानं मातीची घागर भरतात, तिच्यावर डांगर ठेवतात. तुम्ही खरबूज म्हणत असाल. आजी म्हणाली, ‘तुनं साल? दोन टाईम भाकर नि एक डांगर.’

‘दोन डांगर.’

‘उचल पाहिजे का?’

उचल म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं, पण ‘पाहिजे’ म्हणाली. उचल म्हणून आंबा मिळाला.

सगळे हसलो. पण ओट्यावर सालदाराचा मुलगाही बसलेला होता. नऊ-दहा वर्षांचा असेल. बापाबरोबर आलेला, शांत. मे महिन्यात तो काकांच्या बकऱ्या वळतो. त्याच्या कामाला कुणी मदत म्हणत नाही, लुडबूड म्हणत नाही. त्याचं कौतुक करणारा लेखही कुणी लिहीत नाही.

मी लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचलाय. कंबरेला ओटी बांधून, दव असताना शेतात उतरायचो. पहिला तासभर मजा. बोंडाची टोकं बोटांना टोचायला लागली की मजा संपते. मग मी उठायचो, बांधावर जायचो, बोरं शोधायचो. शेजारच्या ओळीत रोजानं आलेल्या बाईची मुलगी असायची, माझ्याच वयाची. ती उठायची नाही. वजन संध्याकाळी होणार असायचं. तिचं आणि माझं काम एकच होतं, बोंडंही तीच, फक्त मला सोडून जाता यायचं. माझ्या लेकीच्या वाकड्या बिबड्याबद्दल एवढं भरभरून लिहिताना हे विसरून चालणार नाही. दिवाळीनंतर चाळीसगाव-पारोळ्याकडून, धुळे-नंदुरबारकडून ऊसतोडीला जी कुटुंबं ट्रॅक्टरमध्ये बसून जातात, त्यांच्यातली पाच-सहा वर्षांची मुलगी फडाच्या कडेला धाकट्या भावाला मांडीवर घेऊन दिवस काढते. तिलाही घरच्या कामात सहभाग आहे म्हणायचं का? बालमजुरी कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीनं 14 वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी झाली, पण शाळेची वेळ सोडून घरच्या धंद्यात मदत केली तर चालते अशी फटही राहिली. माझी लेक त्या फटीत बसते, ऊस तोडणाऱ्याची मुलगीही बसवता येते. कायद्याला दोघींतला फरक दिसत नाही, आणि कागदावर तो कसा दाखवायचा हे मलाही सांगता येत नाही. ताराबाईंनी कोसबाडला गुरं वळणाऱ्या मुलांना ‘शाळेत या’ म्हणून बघितलं, ती येईनात, तेव्हा शाळाच कुरणात नेली. मुलांची गुरं सुटली नाहीत, पण गुरांमागे पाटी आली. इतकं तरी कुणाला सुचलं होतं.

जळगावला परत आल्यावर आम्ही घरातली कामं शोधायला बसलो. ऐकायला विचित्र वाटेल, पण शोधावी लागली. स्टूल ओट्यापाशी कायमचं आलं. पेले खालच्या कप्प्यात गेले, काचेचेसुद्धा. त्यातले काही फुटले, आणि त्यानंतर ती पेला दोन्ही हातांनी धरते. मटार सोलणं, लसणाच्या पाकळ्या मोकळ्या करणं, वाळलेले कपडे ज्याचे त्याच्या पलंगावर टाकणं, बाल्कनीतल्या तुळशीला पाणी. जेवणाच्या ताटांशेजारी पाण्याचे तांबे ठेवणं हे तिचं खातं. ते दुसऱ्या कुणी केलं तर ती तांबे परत नेऊन, परत आणते.

आमचा त्रास वाढला की कमी झाला? वाढला. सकाळी ऑफिसच्या घाईत तिला डबा भरायचा असतो आणि पोळीची गुंडाळी डब्यात बसेपर्यंत माझी बस जाते. कधी कधी मी तिच्या हातातून डबा सरळ काढून घेतो, आणि मला त्याचं काही वाटत नाही. रोजचं प्रत्येक काम शिकवणीचा तास करायचा असेल तर नोकरी सोडावी लागेल. आईकडे पहाटेपासून दुपारपर्यंत चालणारं काम होतं, चार बायका होत्या, कुणाचं तरी लक्ष असायचं. इथे आम्ही दोघं आणि एक घड्याळ. एकट्या आईबापानं गावासारखं मूल वाढवावं, अशी अपेक्षा कुणी करत असेल तर त्यानं आधी आमच्याकडे येऊन एक आठवडा भांडी घासावीत.

एक बदल मात्र झाला. तिचं ‘मी काय करू?’ हे रडक्या सुरातलं वाक्य कमी झालं. त्याऐवजी आता ती कामाबद्दल तक्रारी करते. लसूण बोटाला झोंबतो. मटारात अळी निघते. कपडे आणि तुळस ही दोन्ही कामं एकाच वेळी सांगू नका. गेल्या महिन्यात तिनं तांबे ठेवण्याचं काम सोडलं. आम्ही कारण विचारलं, तर म्हणाली, ते आता येतं, दुसरं द्या. भाच्याला फोनवरून सल्लाही दिला की तांबे तू घे, सोपं आहे. तो आता तिकडे ते करतो, असं बहीण सांगत होती. आजीला अजून कळवलेलं नाही.

नव्या कामाच्या बोलण्यांत आम्ही पोळ्यांना तूप लावणं देऊ केलं. ते तिनं घेतलं, पण वर गॅस पेटवायचं मागितलं. लायटर दाबायला तिची दोन्ही बोटं पुरत नाहीत, हे तिला दाखवलं. तिचं म्हणणं, लायटर बाबांनी दाबावा, कॉक ती फिरवेल, आबांच्या ठिबकसारखं. बायकोचा साफ नकार आहे. माझा निम्मा होकार आहे, पण तो मी अजून घरात बोललेलो नाही. उचल म्हणून तिनं आधीच एक आंबा खाऊन टाकलाय.